खोटं ठरायची सोय आहे का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : एकाच सुरात बोलणारे गट आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान. आलेल्या पत्रांतली सहा निवडली आहेत. पावसाच्या पत्राला जागा जास्त दिली, कारण ते वही-पेन घेऊन उद्यापासून करून बघता येतं.

प्रश्न : भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काहीबाही येतं. मी खरी माहिती शोधून लिंक टाकतो. लगेच उत्तर येतं, ‘तेसुद्धा विकले गेलेत.’ सहा महिने झाले, एकाचंही मत हललं नाही. माझं काय चुकतंय? (एक वाचक, अंबाजोगाई)

माहिती कमी पडतेय असं समजून तुम्ही ती पुरवताय. पण तिथे कमी पडतोय तो विश्वास. थी न्गुयेन या अमेरिकी तत्त्वज्ञाने 2020 साली या दोन दुखण्यांची नीट फोड केली. एक बुडबुडा. त्यात दुसरी बाजू कानावरच येत नाही, म्हणून ती ऐकवली की बुडबुडा फुटतो. दुसरं इको चेंबर. यात दुसरी बाजू ऐकू येते, पण ती सांगणारा आधीच बदनाम करून ठेवलेला असतो. ‘बाहेरचे तुम्हाला खोटं पाडायला येतील’ हे गटात अगोदरच सांगून झालेलं असतं. मग तुमची लिंक आली की ते भाकीतच खरं ठरतं आणि गट आणखी घट्ट होतो.

यातून निघायची वाट अशा पुराव्यातून जाते, ज्यासाठी कुठल्याच वर्तमानपत्रावर, तज्ज्ञावर किंवा तुमच्यावरही विश्वास ठेवावा लागत नाही. इथे कार्ल पॉपर कामाला येतो. 1934 मध्ये त्याने विज्ञानाला एक साधी कसोटी लावली : दावा खोटा ठरायची काही सोय आहे का? काय दिसलं तर तो चूक, हेच सांगता येत नसेल तर तो दावा जगाबद्दल काही सांगतच नाही.

हे गटावर करू नका. चाळीस माणसांसमोर कुणी माघार घेत नाही. एकट्याला फोन करा, नाहीतर ओसरीवर बसून बोला. ‘पुरावा दाखवा’ म्हणू नका, ते भांडणाचं आमंत्रण आहे. ‘काका, हे खरं नसेल तर आपल्याला ते कशावरून कळेल?’ असं विचारा. ‘आपल्याला’ हा शब्द महत्त्वाचा. काका जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख टाका आणि कधी बघायचं तेही ठरवा. सुरुवात पाऊस, बियाणं, बाजारभाव अशा विषयांपासून करा. जात, पक्ष आणि देव यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. आणि काका म्हणाले, ‘काहीही दिसलं तरी माझं मत तेच’, तर तिथेच थांबा. ती निष्ठा झाली. निष्ठेला कसोटी लागत नसते, आणि तुम्ही लावायला गेलात तर नातंच तुटेल.

प्रश्न : आमच्याकडे एका व्हिडिओवाल्याचा हवामान अंदाज सगळे पाळतात. ‘पाच ते दहा तारखेदरम्यान परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये भाग बदलत पाऊस’ असं ते सांगतात आणि दहात नऊ वेळा खरं होतं. मुलगा म्हणतो, ते ठोकून देतात. सरकारी अंदाज तर सारखाच चुकतो. कोणाचं ऐकायचं? (एक शेतकरी, सेलू)

आधी ‘भाग बदलत’ या दोन शब्दांकडे बघा. जुलै महिना, सहा दिवस आणि तीन जिल्हे. एवढ्या पसाऱ्यात कुठेच पाऊस पडला नाही असं क्वचितच घडेल. तुमच्या रानात पडला तर अंदाज खरा, नाही पडला तर भाग बदलला. खोटं ठरायची सोयच ठेवलेली नाही. दहात नऊचं गुपित बहुतेक इथेच आहे.

पण हाच न्याय सरकारी अंदाजालाही लावावा लागेल. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ 51 ते 75 आणि त्याच्या वर ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ‘तुरळक’ सांगितलं आणि तुमचं रान कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. चारांतल्या तीन जागा कोरड्या राहणं त्यात धरलेलंच आहे. फरक एवढाच की इथे आकडा बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब मागता येतो.

आता हिशेब. पर्जन्यमापक घरीच होतो. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूड उंचसखल असतं, म्हणून भिंत सरळ सुरू होते तिथपर्यंत सिमेंट ओता आणि शून्य तिथे धरा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बादली किंवा टोपलं ठेवू नका. तोंड रुंद आणि बूड अरुंद असलं की आकडा फुगतो. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट तरी लांब ठेवा. मोजायची वेळ रोज सकाळी साडेआठ, कारण खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. दुपारी मोजलं तर ऊन पाणी खातं. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त भरला तरच ‘पावसाचा दिवस’ धरा. चार थेंबांना पाऊस म्हणायचं की नाही, यावरच निम्मे वाद होतात. महसूल मंडळाचा आकडा महारेन या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, पण तो तुमच्या रानाचा असेलच असं नाही. शेजारी लिहून ठेवा.

वहीत चार रकाने पाडा. पडेल म्हणाले, पडला. पडेल म्हणाले, नाही पडला. नाही म्हणाले, पडला. नाही म्हणाले, नाही पडला. आपल्या डोक्यात पहिलाच रकाना भरतो, बाकीचे तीन वहीशिवाय भरत नाहीत. अंदाज आधीच लिहायचा. तोच माणूस आठवड्यात तीन वेळा अंदाज बदलत असेल, तर 48 तास आधीचा धरायचा आणि पुढचे सोडून द्यायचे. नाहीतर शेवटचा व्हिडिओ कायम बरोबर निघतो. ‘भाग बदलत’ला एकच नियम लावा : आपल्या जिल्ह्याचं नाव त्यात आलं तर ‘पडेल’. सरकारी अंदाजही असाच बांधून घ्या : आपल्या जिल्ह्यासाठी ‘काही ठिकाणी’ किंवा त्याहून वर असेल तर ‘पडेल’. दोघांनाही सारखा न्याय.

हंगामाअखेर बघायचं कसं? समजा 60 दिवसांत ‘पडेल’ 40 वेळा सांगितलं आणि त्यातले 20 दिवस पाऊस झाला. ‘नाही’ 20 वेळा सांगितलं आणि तरी 10 दिवस झाला. दोन्हीकडे प्रमाण निम्मं आलं. म्हणजे त्या माणसाने काहीही सांगितलं तरी पावसाची शक्यता तीच राहिली. ऐकून उपयोग शून्य, आणि तरीही तो 30 वेळा ‘बरोबर’ आलाच! दोन प्रमाणांत जेवढं अंतर, तेवढा अंदाज कामाचा.

आणखी एक स्पर्धक उतरवा : ‘आज पडला तर उद्या पडेल, आज कोरडा तर उद्या कोरडा.’ हा अंदाज फुकट आहे. त्याला जो हरवू शकत नाही, त्याच्यावर पेरणी ठरवू नये. पेरणीला तसाही 75 ते 100 मिलिमीटर झालेला पाऊस बघायचा असतो, होणारा नाही.

दहा-पंधरा दिवसांवर निकाल देऊ नका, एक हंगाम तरी जाऊ द्या. वहीत व्हिडिओवाले जिंकले, तर मुलाने ते मान्य करायचं, हेही आजच ठरवून टाका.

प्रश्न : आमच्या गावच्या पाणाड्याने दाखवलेल्या दहापैकी सात बोअरला पाणी लागलं. याला विज्ञान काय म्हणणार? (एक वाचक, औसा)

विज्ञान आधी विचारेल, न दाखवता घेतलेल्या बोअरचं काय? तिथेही दहात सातला लागत असेल, तर पाणाड्याच्या हातावरच्या नारळाने काही केलं नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत, झिजलेल्या आणि सच्छिद्र थरांत पाणी सापडतं, म्हणून एका बांधाला लागतं आणि पलीकडे धुरळा उडतो. कुठेही खोदलं तरी काहींना लागणारच. हा मूळ आकडा कळल्याशिवाय सात हा आकडा मुका आहे. तो मिळवायला बोअरच्या गाडीवाल्या एजंटाची वही बघा. फुटावर पैसे घेतो, त्यामुळे खोली तरी चोख लिहिलेली असते. ‘पाणी लागलं’ म्हणजे काय तेही आधी ठरवा. बोअर मारताना उसळलेलं दोन इंची पाणी मे महिन्यात तासभर मोटर चालवतं का, हे खरं माप.

बोअर न मारताही एक चाचणी होते. पाणाड्याला रानात पाच जागा दाखवू द्या, खुंट्या ठोका. मग त्यांच्या संमतीने डोळ्यांवर पट्टी बांधा, दोन गिरक्या द्या आणि पुन्हा शोधायला सांगा. सोबत चालणाऱ्याला खुंट्या माहीत नसाव्यात. नाहीतर त्याचं थबकणंच इशारा होतं. दुसऱ्या खेपेच्या जागा पहिल्या खुंट्यांच्या पाच पावलांत येतात का ते मोजा. पाणी तर जागचं हललेलं नसतं. जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये एका धान्याच्या कोठारात हेच मोठ्या प्रमाणावर केलं. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा, वरून पाणाड्याने जागा सांगायची. निवडून घेतलेले 43 पाणाडे आणि 843 चाचण्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जण अस्सल वाटले, पण आकडे पुन्हा तपासले तेव्हा नुसत्या अंदाजाहून फारसं काही हाती लागलं नाही.

महाराष्ट्रातही अशी एक नमुनेदार चाचणी झाली आहे, पत्रिकांची. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 200 मुलांच्या कुंडल्या घेतल्या, 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली 27 जणांनी आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून 50 येतात. यात शिकण्यासारखं हे की बरोबर कशाला म्हणायचं ते आधी ठरलं होतं.

पाणाड्या लबाड असतो असं यातून निघत नाही. नाल्याची वळणं, झाडं, शेजारच्या विहिरी वर्षानुवर्षं बघून त्याची नजर तयार झालेली असू शकते. नजर खरी असेल, तर ती नारळाशिवायही चालली पाहिजे. तेही तपासा.

प्रश्न : सोयाबीन उगवलं नाही की गटावर एकच ओरड : बियाणं बोगस. कंपनीवाले म्हणतात, पेरणी चुकली. पॉपरप्रमाणे कोण खोटं ठरलं? (एक शेतकरी, कळंब)

इथे पॉपर एकटा पुरत नाही. पियरे दुएम या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की कुठलीही चाचणी एकट्या दाव्याची होत नसते. ‘बियाणं चांगलं’ याच्यासोबत ओल पुरेशी होती, खोली 3 ते 5 सेंटिमीटर होती, पेरल्यावर जमिनीवर पापडी धरली नाही, औषध चोळताना साल निघालं नाही, अशी चार-पाच गृहीतकं जोडलेली असतात. उगवण झाली नाही म्हणजे यांतलं किमान एक चुकलं. कोणतं, हे न उगवलेलं रान सांगत नाही. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा हाच घोळ होता.

म्हणून एकेक गृहीतक वेगळं काढायचं, आणि तेही पेरणीआधी. पिशवीच्या वरून, मधून, खालून मूठ-मूठ घेऊन 100 दाणे मोजा. चांगले निवडून घेऊ नका. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल टिकवा, पण पाणी साचू देऊ नका, दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी धड कोंब मोजा. सोयाबीनच्या उगवणीची किमान मर्यादा 70 टक्के. 60 आले तर एकरी 30 किलोच्या जागी 35 किलो. मात्र 100 दाण्यांच्या चाचणीत आठ-नऊचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, म्हणून 65 आले की लगेच ‘बोगस’ ओरडू नका. चार वेळा करा. प्रयोगशाळाही 400 दाणे घेते. बियाण्याचं लेबल, पावती आणि मूठभर दाणे जपून ठेवा.

सबब खरी की पळवाट, हे ओळखायला विज्ञानाचा तत्त्वज्ञ इम्रे लाकाटोश याचा नियम बरा. सबब सांगायला हरकत नाही, पण तिच्यातून तपासता येईल असं काही नवं निघालं पाहिजे. युरेनस ठरल्या वाटेने चालेना, तेव्हा न्यूटनला खोटं न ठरवता ‘बाहेर आणखी एक ग्रह असेल’ असं म्हटलं गेलं आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या बाबतीत तीच युक्ती केली, ‘व्हल्कन’ ग्रह कल्पिला. तो कधीच सापडला नाही आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनने वेगळंच उत्तर दिलं. कंपनी म्हणते ओल कमी होती? मग त्याच लॉटचं बियाणं तुषार सिंचनावर पेरलेल्या शेजाऱ्याकडे नीट उगवलेलं दिसलं पाहिजे. जा आणि बघून या.

प्रश्न : जमिनीतून आवाज आला की ‘आज रात्री मोठा भूकंप’ असे मेसेज फिरतात, वर नासाचं नाव. आणि शास्त्रज्ञच किल्लारीच्या वेळी चुकले होते, मग त्यांचं तरी का ऐकावं? (एक विद्यार्थिनी, वसमत)

भूकंपाच्या भाकितात जागा, वेळ आणि तीव्रता ही तिन्ही नेमकी हवीत. आजवर हे भरवशाने कुणालाही जमलेलं नाही, नासालाही नाही. ‘या महिन्यात मराठवाड्यात हादरा बसेल’ हे तर कुणीही म्हणावं. हिंगोली परिसरात 2024 मध्येच 21 मार्च आणि 10 जुलैला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले आणि बारीकसारीक येतच असतात. एकच मेसेज बारा जणांनी पाठवला म्हणजे बारा साक्षीदार होत नाहीत. प्रत्येकाला विचारा, तुम्हाला कुठून आला? बहुतेक वेळा सगळे एकाच नंबरापाशी जाऊन थांबतात, तोही पुढे पाठवणाराच.

किल्लारीबद्दल तुमचं बरोबर आहे. दख्खनचं पठार स्थिर समजलं जाई आणि तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली. ती समजूत चूक होती. पण पुढे काय झालं ते बघा. 2002 च्या नकाशात पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि लातूरचा तो भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. घर बांधण्याचे नियम अशा नकाशावर ठरतात. चूक कागदावर मान्य झाली. आता ज्याचे मेसेज फिरतात, त्याला त्याची मागची पाच भाकितं तारखांसकट विचारा आणि चुकलेलं एक तरी त्याने कबूल केलंय का तेही विचारा. दोन तज्ज्ञांत कुणाचं ऐकावं हे आपल्याला विषय न कळताही ठरवता येतं : कुणाचं मागचं रेकॉर्ड उघडं आहे, कुणाचा पैसा कुठे गुंतलाय, आणि त्याच विषयातले इतर स्वतंत्रपणे तपासून काय म्हणतात.

प्रश्न : मीच इको चेंबरमध्ये असेन तर? आतून कसं कळणार? (एक शिक्षक, माजलगाव)

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात सत्यासाठी चाललेला तो वाद, जिंकण्यासाठीचा तो जल्प आणि नुसतं दुसऱ्याचं मोडायचं ती वितंडा, अशी वाटणी आहे. आपल्या गटातल्या शेवटच्या वीस मेसेजना ही तीन नावं देऊन बघा. शास्त्री मंडळी आधी पूर्वपक्ष मांडत, तेही करा. विरोधी बाजू दहा ओळींत लिहा आणि त्याच बाजूच्या माणसाला दाखवा. ‘हो, हेच माझं म्हणणं’ असं तो म्हणाला तर पास. ‘आम्ही असं कुठे म्हणतो?’ म्हणाला, तर तुम्ही आजवर ज्याच्याशी भांडत होता तो माणूस तुमच्या गटानेच तयार केलेला होता. बहुतेकांना दोन-तीन वेळा पुन्हा लिहावं लागतं.

वर्गात करायला पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा 1960 चा खेळ आहे. फळ्यावर 2, 4, 6 लिहा. सांगा, हे तीन आकडे माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सुचवा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा. मुलं 8, 10, 12 म्हणतील. हो. 20, 22, 24? हो. मग छाती पुढे काढून ‘दोनाने वाढणारे आकडे’. चूक. नियम एवढाच आहे : चढत्या क्रमाचे कुठलेही तीन आकडे. 1, 7, 50 कुणी विचारलंच नाही, कारण आपला नियम मोडेल असं काही विचारावं हे सुचतच नाही. दुसऱ्या डावात अट घाला, निदान तीन ‘नाही’ मिळाल्याशिवाय नियम सांगायचा नाही, आणि नियम बदला. मागच्या बाकावरून 6, 4, 2 आलं की खेळ रंगात येतो.